कॉम्प्युटर व्हिजनचा कोर्स घेतलाय? आधी इमेज उघडून बघा

माझ्या पहिल्या डीप लर्निंगच्या असाइनमेंटवर मी अकरा दिवस घालवले. दहा प्रकारच्या इमेजेस ओळखायच्या होत्या आणि मॉडेलची अ‍ॅक्युरसी दहा टक्क्यांच्या पुढे हलायला तयार नाही, म्हणजे डोळे मिटून अंदाज मारला असता तरी तेवढीच आली असती. मी लर्निंग रेट बदलला, लेयर वाढवले, मग कमी केले, लॅपटॉपला शिव्या घातल्या, रात्री दोन वाजता कुणाकुणाचे कोड उचलून चिकटवले. शेवटी टीएकडे (टीचिंग असिस्टंटकडे) गेले तर त्याने एवढंच विचारलं, "मॉडेलमध्ये जी इमेज जातेय ती उघडून बघितलीस का?" नव्हती बघितली. उघडली तर काळीकुट्ट. पिक्सेलचे आकडे ० ते १ मध्ये आणायला २५५ ने भागायचं काम लायब्ररीने आधीच केलं होतं आणि मी हौसेने परत एकदा भागलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मशीनला बघायला शिकवायचा विषय, आणि शिकणारे आम्हीच बघत नव्हतो. नंतर जे जे विद्यार्थी माझ्याकडे अडचण घेऊन आले त्यातल्या बहुतेकांचं घोडं इथेच पेंड खात होतं, म्हणून हे सगळं एकदा लिहून काढते. डिग्रीच्या शेवटच्या वर्षात किंवा मास्टर्सला ज्यांनी हा विषय पहिल्यांदा घेतलाय त्यांच्यासाठी आहे. पायथॉन थोडंफार येतं असं धरलंय.

१. तुमचा कोर्स नक्की कोणत्या जातीचा आहे ते ओळखा

कॉम्प्युटर व्हिजन या एकाच नावाखाली निदान तीन वेगवेगळे कोर्स चालतात, आणि सीनियरचं ऐकून कोर्स घेतला की सीनियरने तिसराच कोर्स केलेला असतो. सिलॅबस उघडा आणि शब्द शोधा. कॅमेरा कॅलिब्रेशन, एपिपोलर जॉमेट्री, स्टिरिओ, स्ट्रक्चर फ्रॉम मोशन असे शब्द दिसले तर तो जॉमेट्रीवाला कोर्स, त्यात मॅट्रिक्स खूप आणि ट्रेनिंग कमी. कन्व्होल्यूशनल नेटवर्क, डिटेक्शन, सेगमेंटेशन, ट्रान्सफॉर्मर दिसलं तर डीप लर्निंगवाला. हिस्टोग्राम, फिल्टर, फुरिए ट्रान्सफॉर्म, मॉर्फॉलॉजी दिसलं तर खरं तर तो इमेज प्रोसेसिंगचा कोर्स आहे, फक्त पाटी व्हिजनची आहे. इमेज प्रोसेसिंगमध्ये इमेज आत जाते आणि बदललेली इमेज बाहेर येते, व्हिजनमध्ये इमेज आत जाते आणि बाहेर काहीतरी अर्थ येतो, ही वस्तू काय आहे, किती लांब आहे, कुठे चाललीये. सीमारेषा पुसट आहे पण फरक लक्षात ठेवा.

आणि विषय सोपा वाटला तर लाजू नका, मोठमोठ्यांना तसंच वाटलं होतं. १९६६ साली एमआयटीमध्ये सेमोर पॅपर्टने समर व्हिजन प्रोजेक्ट नावाचं टिपण काढलं होतं, बेत असा की उन्हाळ्याच्या दिवसांत काही विद्यार्थी कामाला लावून बघणाऱ्या सिस्टिमचा बराचसा भाग उभा करायचा. तो उन्हाळा अजून संपलेला नाही.

२. गणित किती लागतं आणि कुठे थांबायचं

इथे दोन टोकाची माणसं भेटतात. एक म्हणतात गणित लागत नाही, लायब्ररी आहे. दुसरे सहा महिने नुसतं गणितच घोटत बसतात आणि तोवर सेमिस्टर संपतं. दोघांचंही ऐकू नका.

लिनियर अल्जेब्रा हवंच आणि नीट हवं. मॅट्रिक्सचा गुणाकार, रँक, आयगेन व्हॅल्यू आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एसव्हीडी (सिंग्युलर व्हॅल्यू डिकंपोझिशन), कारण जॉमेट्रीच्या अर्ध्या असाइनमेंट शेवटी एकाच जागी येऊन थांबतात, मॅट्रिक्स गुणिले अज्ञात व्हेक्टर बरोबर शून्य, आणि डेटामध्ये नॉइज असल्यामुळे अचूक उत्तर नसतंच, मग एसव्हीडी काढून सगळ्यात छोट्या सिंग्युलर व्हॅल्यूचा व्हेक्टर उचलायचा. हे एकदा हाताने समजून घेतलं की होमोग्राफी (सपाट पृष्ठभागाच्या दोन फोटोंमधलं नातं), कॅलिब्रेशन (कॅमेऱ्याची आतली मापं काढणं), फंडामेंटल मॅट्रिक्स (कोणत्याही दृश्याच्या दोन फोटोंमधलं नातं) ही सगळी एकाच घरातली भावंडं वाटायला लागतात.

कॅल्क्युलसमधलं पार्शल डेरिव्हेटिव्ह आणि चेन रूल पुरतो. प्रोबॅबिलिटीमध्ये बेजचा नियम, गॉसियन, मॅक्सिमम लाइकलिहूड. बास.

स्वतःची परीक्षा घ्यायची असेल तर कागद घेऊन हे बघा: २×२ मॅट्रिक्सचे आयगेन व्हेक्टर काढता येतात का, चार-पाच बिंदूंमधून लीस्ट स्क्वेअर्सने रेषा बसवता येते का, सिग्मॉइडचं डेरिव्हेटिव्ह काढता येतं का. तिन्ही जमलं तर कोर्स सुरू करा, बाकीचं लागेल तसं शिका. न जमलेल्यासाठी दोन आठवडे द्या, त्याहून जास्त नको.

३. काय काय सामान लागतं

- साधा लॅपटॉप. सेमिस्टरच्या पहिल्या अर्ध्या भागाला जीपीयू लागत नाही. जीपीयू नाही म्हणून प्रॅक्टिस सुरू केली नाही हे कारण मी इतक्यांदा ऐकलंय की आता नाचता येईना अंगण वाकडं एवढंच म्हणते.
- पायथॉन, नमपाय, मॅटप्लॉटलिब, ओपनसीव्ही आणि नंतर पायटॉर्च. प्रत्येक कोर्ससाठी वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा, नाहीतर परीक्षेच्या आठवड्यात एक लायब्ररी अपडेट होते आणि बाकीच्या चार झोपतात.
- ट्रेनिंगसाठी कोलॅब किंवा कॅगलचा फुकटातला जीपीयू. सेशन मध्येच तुटतं हे धरूनच चाला, दर इपॉकनंतर (पूर्ण डेटाच्या एका फेरीनंतर) मॉडेलचं चेकपॉइंट ड्राइव्हवर सेव्ह करा. मी एकदा केलं नव्हतं, रात्रभराचं ट्रेनिंग गेलं.
- फोनचा कॅमेरा आणि बुद्धिबळाच्या पटासारखा चेकरबोर्ड, कागदावर छापून काचेवर किंवा जाड सपाट पुठ्ठ्यावर चिकटवलेला. हा कशाला ते सहाव्या पायरीत येईल.
- गिट. फायनल, फायनल दोन, खरंच फायनल अशा फोल्डरांनी कुणाचं भलं झालेलं नाही.
- एक वही. हो, कागदाची. मॅट्रिक्सचे आकार त्यात लिहायचे.

४. इमेज म्हणजे आकड्यांचा तक्ता, आणि सगळे सापळे याच तक्त्यात आहेत

या पायरीवर मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण इथल्या चुका एरर देत नाहीत. प्रोग्राम छान चालतो, उत्तर फक्त चुकीचं येतं.

पहिला सापळा रंगांचा. ओपनसीव्ही इमेज वाचताना रंग निळा-हिरवा-लाल या क्रमाने देतं आणि मॅटप्लॉटलिबला लाल-हिरवा-निळा हवा असतो. न बदलता दाखवली की सगळ्यांचे चेहरे निळसर दिसतात, ते निदान डोळ्यांना कळतं तरी. पण तीच इमेज तशीच आधी ट्रेन झालेल्या मॉडेलला दिली तर मॉडेल तक्रार करत नाही, नुसतं थोडं वाईट उत्तर देतं, आणि तुम्ही महिनाभर त्या थोड्या वाईटाचं कारण शोधत बसता.

दुसरा सापळा रुंदी आणि उंचीचा. नमपायमध्ये आधी ओळ येते मग कॉलम, म्हणजे आधी वाय मग एक्स. ओपनसीव्हीच्या रेषा-वर्तुळ काढणाऱ्या फंक्शनांना मात्र आधी एक्स लागतो. शेप प्रिंट केला की उंची, रुंदी, चॅनल असं येतं आणि रिसाइझ करताना रुंदी आधी द्यायची. हे कुणी ठरवलं माहीत नाही पण त्या माणसाला माझा नमस्कार. चौरस इमेजवर प्रॅक्टिस केली तर ही चूक दिसतच नाही, म्हणून कोड तपासताना मुद्दाम लांबट इमेज घ्या. आणि पायटॉर्चला चॅनल पुढे हवा असतो. तिथे ट्रान्सपोजऐवजी रिशेप वापरला की आकार अगदी बरोबर येतो आणि आतलं चित्र मात्र खिचडी झालेलं असतं, ही तर माझ्या वर्गात निम्म्या लोकांनी केलेली चूक.

तिसरा, आठ बिटांचा. साधारण इमेजचे पिक्सेल ० ते २५५ मध्ये असतात. नमपायमध्ये आठ बिटांच्या २५० मध्ये १० मिळवले तर २६० येत नाही, ४ येतात, गाडीच्या मीटरसारखं फिरून परत सुरुवातीला. ओपनसीव्हीचं बेरजेचं फंक्शन मात्र २५५ वर थांबतं. दोन फ्रेम वजा करून हालचाल शोधायची असाइनमेंट बहुतेक कोर्समध्ये असते, तिथे १० मधून २० गेले की २४६ येतात आणि जिथे काहीच हललं नाही तिथे पांढरे ठिपके नाचायला लागतात. वजाबाकीआधी फ्लोटमध्ये बदला.

चौथा, फाइलचा. पाथ चुकला तर ओपनसीव्ही तिथल्या तिथे थांबत नाही, रिकामं काहीतरी परत देतं, आणि एरर येते तीन ओळी खाली कुठेतरी भलत्याच नावाने. फोनवरून काढलेल्या फोटोत फोटो आडवा की उभा ही माहिती वेगळी साठवलेली असते, काही लायब्ररी ती बघून फोटो फिरवतात काही बघत नाहीत, त्यामुळे तोच फोटो दोन ठिकाणी दोन तऱ्हेने उघडतो. आणि सेगमेंटेशनचे मास्क कधीही जेपेगमध्ये सेव्ह करू नका. मास्कमधले आकडे म्हणजे कोणता पिक्सेल कशाचा याची लेबलं असतात, ० म्हणजे रस्ता, १ म्हणजे माणूस, २ म्हणजे गाडी वगैरे, जेपेग कडेकडेने आकडे थोडे बदलतं आणि तुमच्या डेटात कुणीही न बनवलेले नवे क्लास जन्माला येतात. पीएनजी वापरा. मास्क लहान-मोठा करतानासुद्धा निअरेस्ट नेबर पद्धतच, नाहीतर ० आणि २ च्या मधे सरासरीने १ उगवतो, म्हणजे गाडी आणि रस्ता यांच्या हद्दीवर माणूस.

या सगळ्यावर मी एक सवय लावून घेतली, कोडच्या प्रत्येक टप्प्यानंतर चार गोष्टी प्रिंट करायच्या: शेप, डेटाटाइप, सगळ्यात लहान आकडा, सगळ्यात मोठा आकडा. आणि मग इमेज स्क्रीनवर बघायची. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

५. जुनं व्हिजन टाळू नका

हे आता कोण वापरतं, असा प्रश्न पहिल्या महिन्यात प्रत्येक वर्गात कुणीतरी विचारतंच. कॅनीचा एज डिटेक्टर १९८६ चा, हॅरिसचा कॉर्नर डिटेक्टर १९८८ चा, लुकास-कानाडेची ऑप्टिकल फ्लोची (फ्रेमागणिक पिक्सेल कुठे सरकले ते काढायची) पद्धत १९८१ ची. वापरतात अजूनही, पण कारण ते नाही. या गोष्टी हाताने लिहिल्या की इमेजमध्ये नक्की कोणती माहिती असते हे कळतं. सपाट भिंतीवरचा तुकडा कुठेही सरकवा सारखाच दिसतो, कडेवरचा तुकडा कडेच्या दिशेने सरकवला तर सारखाच दिसतो, कोपरा मात्र कुठेही सरकवला तरी बदलतो. हॅरिसची सगळी आयगेन व्हॅल्यूची भानगड म्हणजे एवढंच, दोन्ही मोठ्या असल्या की कोपरा.

कन्व्होल्यूशन, म्हणजे छोटा फिल्टर इमेजभर फिरवून जागोजागी गुणाकारांची बेरीज करणं, एकदा तरी स्वतः फॉर लूप लावून लिहा. हळू चालेल, चालू दे. कडेला पॅडिंग का लागतं, आउटपुट लहान का होतं, हे तिथे समजलं की पुढे न्यूरल नेटवर्कच्या लेयरचे आकार काढताना फॉर्म्युला पाठ करावा लागत नाही.

मग येतं मॅचिंग. दोन फोटोंमधला तोच बिंदू शोधायचा. डेव्हिड लोची सिफ्ट पद्धत यासाठी प्रसिद्ध, पहिला पेपर १९९९ चा आणि सविस्तर २००४ चा. तिचं पेटंट २०२० मध्ये संपलं आणि त्यानंतर ती ओपनसीव्हीच्या मुख्य पॅकेजमध्ये आली, म्हणून जुन्या ट्युटोरियलमध्ये वेगळं पॅकेज टाकायला सांगितलेलं दिसलं तर गोंधळू नका.

मॅच मिळाले की त्यातले बरेच खोटे असतात आणि इथे रॅनसॅक येतं, फिशलर आणि बोल्स यांचं, १९८१ चं. कल्पना इतकी साधी आहे की फसवणूक वाटते, थोडे मॅच चिठ्ठ्या टाकल्यासारखे उचला, त्यांच्यावरून मॉडेल बसवा, बाकीचे किती जण त्याला होकार देतात ते मोजा, असं पुन्हा पुन्हा करा आणि सगळ्यात जास्त होकार मिळालेलं ठेवा. किती वेळा करायचं हे विद्यार्थी अंदाजे १००० लिहून मोकळे होतात. हिशोब करा ना. होमोग्राफीला चार जोड्या लागतात. निम्मे मॅच खरे असतील तर चारही खरे निघायची शक्यता ०.५ चा चौथा घात, म्हणजे ०.०६२५, आणि ९९ टक्के खात्री हवी असेल तर ७२ फेऱ्या पुरतात. खरे मॅच ३० टक्केच असतील तर मात्र साडेपाचशेच्या वर जावं लागतं. व्हायव्हाला हा प्रश्न हमखास येतो.

आणि मॅच काढले की ते रेषांनी जोडून दाखवा, दोन्ही फोटो शेजारी ठेवून. आकड्यांवरून काही कळत नाही, रेषा बघितल्या की लगेच दिसतं की सगळे मॅच झाडाच्या पानांवर जाऊन बसलेत.

६. जॉमेट्री: स्वतःच्या फोनचा कॅमेरा कॅलिब्रेट करा

पुस्तकातलं जॉमेट्रीचं प्रकरण वाचून कुणालाच काही कळत नाही, मलाही कळलं नव्हतं. एक शनिवार काढा, तो चेकरबोर्ड घ्या आणि फोनने १५-२० फोटो काढून कॅलिब्रेशन करा. ओपनसीव्हीत सगळं तयार आहे, पद्धत झांग यांच्या २००० सालच्या पेपरवर बेतलेली. फक्त हे सांभाळा:

बोर्डचे चौकोन मोजू नका, आतले कोपरे मोजा. ९×७ चौकोनांच्या बोर्डला ८×६ कोपरे असतात, आकडा चुकला की फंक्शन नुसतं सापडलं नाही म्हणतं आणि तुम्ही उजेडाला दोष देता. ऑटोफोकस बंद करा, फोकस बदलला की फोकल लेंग्थही बदलते. बोर्ड समोरून सरळ धरूनच सगळे फोटो काढू नका, वाकडा धरा, तिरका धरा, फ्रेमच्या कोपऱ्यात न्या, लेन्सचं डिस्टॉर्शन कडेलाच जास्त असतं. कागद फुगलेला असेल तर परत चिकटवा. शेवटी रीप्रोजेक्शन एरर (हिशोबाने आलेला कोपरा आणि फोटोतला कोपरा यांतलं अंतर) येईल, ती एका पिक्सेलच्या आत हवी, तीन-चार पिक्सेल आली तर एकेका फोटोची एरर वेगळी काढून वाईट फोटो फेकून द्या.

स्टिरिओचं, म्हणजे दोन कॅमेऱ्यांवरून वस्तू किती लांब ते काढायचं सूत्र लहान आहे, अंतर = फोकल लेंग्थ × बेसलाइन ÷ डिस्पॅरिटी. बेसलाइन म्हणजे दोन कॅमेऱ्यांमधलं अंतर, डिस्पॅरिटी म्हणजे तोच बिंदू दोन फोटोंत किती पिक्सेल सरकलेला दिसतो ते. पण त्याचा स्वभाव ओळखायला आकडे घालून बघा. फोकल लेंग्थ ७०० पिक्सेल, दोन कॅमेऱ्यांत ०.१२ मीटर. डिस्पॅरिटी २१ पिक्सेल असेल तर वस्तू ४ मीटरवर, एक पिक्सेल चुकून २० आली तर ४.२ मीटर, चालून जातं. आता लांबची वस्तू घ्या, डिस्पॅरिटी ३ म्हणजे २८ मीटर, आणि तोच एक पिक्सेल चुकून २ झाली की ४२ मीटर. एका पिक्सेलने १४ मीटरचा घोळ. अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात चूक वाढते हे वाक्य मी तीन वेळा वाचलं होतं, समजलं ते हा हिशोब केल्यावर.

फंडामेंटल मॅट्रिक्स काढताना बिंदू नॉर्मलाइझ करायला (मध्य शून्यावर आणून आकडे लहान करायला) विसरू नका. विसरलात तर एपिपोलर रेषा (एका फोटोतला बिंदू दुसऱ्या फोटोत ज्या रेषेवर असायला हवा ती) भलतीकडेच जातात, आणि हे पण रेषा काढून बघितल्याशिवाय कळत नाही.

७. डीप लर्निंग: मोठं मॉडेल शेवटी, छोट्या चाचण्या आधी

२०१२ मध्ये अ‍ॅलेक्सनेटने इमेजनेटची, म्हणजे इमेजमध्ये काय आहे ते ओळखायची स्पर्धा जिंकली, एक हजार क्लास, आणि पहिल्या पाच अंदाजांतही बरोबर उत्तर नसण्याचं प्रमाण १५.३ टक्के, तर दुसऱ्या नंबरवाल्यांचं २६.२ टक्के. ट्रेनिंग गेमिंगच्या दोन कार्डांवर झालं होतं. तिथून विषयाची दिशाच बदलली, २०१५ मध्ये रेसनेट १५२ लेयरपर्यंत गेलं, २०२० पासून ट्रान्सफॉर्मर इमेजवर आले.

कन्व्होल्यूशनने नक्की काय वाचतं ते वहीत मांडून बघा. २२४×२२४ ची रंगीत इमेज म्हणजे १,५०,५२८ आकडे. त्यांना सरळ एक हजार न्यूरॉनना जोडलं तर एका लेयरमध्येच पंधरा कोटींहून जास्त वेट्स. त्याऐवजी ३×३ चे ६४ फिल्टर लावले तर बायस धरून फक्त १,७९२. कारण तोच छोटा फिल्टर सगळ्या इमेजभर फिरतो.

आता ट्रेनिंग. पूर्ण डेटा टाकून रात्रभर चालू ठेवून झोपायचं नाही. आधी या तीन चाचण्या.

एक, ट्रेनिंग सुरू व्हायच्या आधीचा लॉस (मॉडेल किती चुकतंय तो आकडा) बघा. दहा क्लास असतील तर क्रॉस एन्ट्रॉपी लॉस साधारण २.३ यायला हवा, दहाचा नॅचरल लॉगरिदम. १५ आला तर काहीतरी गंडलंय. दोन, फक्त आठ इमेजेस द्या आणि मॉडेलला त्या पाठ करू द्या. लॉस जवळजवळ शून्यावर आला पाहिजे. आठ इमेजेस पाठ होत नसतील तर पन्नास हजार काय शिकणार, बग शोधा. तीन, डेटालोडरमधून बाहेर पडलेली इमेजेसची बॅच लेबलांसकट स्क्रीनवर मांडा. माझे ते अकरा दिवस या तिसऱ्या चाचणीने पाच मिनिटांत मिटले असते.

नेहमीच्या चुका पटापट सांगते. दर बॅचआधी ग्रेडियंट शून्य करायला विसरणं. टेस्टिंगच्या आधी मॉडेल इव्हॅल्युएशन मोडमध्ये न टाकणं, मग ड्रॉपआउट आणि बॅचनॉर्म ट्रेनिंगसारखेच वागतात आणि उत्तरं बॅचप्रमाणे बदलतात. पायटॉर्चच्या क्रॉस एन्ट्रॉपी लॉसमध्ये सॉफ्टमॅक्स आधीच असतो तरी मॉडेलच्या शेवटी परत लावणं. आणि ऑगमेंटेशन (इमेज फिरवून-उलटवून डेटा वाढवणं) डोकं न लावता करणं: मांजर आरशात उलटी केली तरी मांजर राहते, डावीकडे वळाचा बाण उलटा केला की उजवीकडे होतो, लेबल मात्र डावंच राहतं.

स्वतःचा डेटा दोन-चार हजार इमेजेसचा असेल तर शून्यातून ट्रेन करायच्या नादी लागू नका, आधी ट्रेन झालेलं मॉडेल घ्या आणि फाइन-ट्यून करा, म्हणजे तुमच्या डेटावर थोडं पुढे ट्रेन करा. त्या मॉडेलला जे नॉर्मलायझेशन लागतं तेच द्या.

८. रिझल्ट खूप चांगला आला तर घाबरा

९९ टक्के आले म्हणून ग्रुपवर फोटो टाकण्याआधी टेस्ट डेटा तपासा. व्हिडिओतून फ्रेम काढून त्या सरमिसळ करून ट्रेन-टेस्ट केलं असेल तर शेजारच्या फ्रेम दोन्हीकडे गेल्यात, मॉडेलने उत्तरपत्रिका आधीच बघितलीये. व्हिडिओप्रमाणे वाटणी करा, माणसांचा डेटा असेल तर माणसाप्रमाणे, एकाच माणसाचे फोटो दोन्हीकडे नकोत.

अ‍ॅक्युरसी फसवते. १००० एक्स-रेपैकी ९५० निरोगी असतील तर सगळ्यांना निरोगी म्हणणारं एका ओळीचं मॉडेल ९५ टक्के मिळवतं आणि एकही आजारी माणूस शोधत नाही. प्रिसिजन (आजारी म्हटलेल्यांपैकी खरंच आजारी किती), रिकॉल (खऱ्या आजाऱ्यांपैकी सापडले किती), कन्फ्युजन मॅट्रिक्स (कोणाला काय समजलं त्याचा तक्ता) दाखवा. डिटेक्शनमध्ये आयओयू, म्हणजे दोन चौकटींचा सामाईक भाग भागिले एकत्रित भाग, हा हाताने एकदा लिहाच.

सरासरीच्या पोटात काय लपतं याचं एक उदाहरण कायम लक्षात ठेवा. २०१८ मध्ये जॉय ब्युओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून लिंग ओळखणाऱ्या तीन व्यावसायिक सिस्टिम तपासल्या, गोऱ्या पुरुषांवर चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, सावळ्या-काळ्या स्त्रियांवर ३४.७ टक्क्यांपर्यंत. एकूण आकडा बघून हे कुणालाच दिसलं नसतं. तुमच्या प्रोजेक्टमध्येही रिझल्ट गटागटाने फोडून दाखवा, दिवस-रात्र, जवळ-लांब, जे काही लागू असेल ते.

९. वाचायचं काय

थोडक्यात. रिचर्ड झेलिस्की यांचं कॉम्प्युटर व्हिजनचं पाठ्यपुस्तक, दुसरी आवृत्ती २०२२ ची, लेखकाच्या साइटवर पीडीएफ मोफत मिळते. पहिल्या पानापासून वाचू नका, तो संदर्भग्रंथ आहे, लेक्चरला जे झालं तेवढंच प्रकरण. ऐकायला आवडत असेल तर श्री नायर (श्री हे त्यांचं नावच आहे) यांची फर्स्ट प्रिन्सिपल्स ऑफ कॉम्प्युटर व्हिजन ही यूट्यूबवरची मालिका, जुन्या व्हिजनसाठी इतकं स्वच्छ शिकवलेलं मी दुसरीकडे ऐकलं नाही.

पेपर मुख्यतः तीन परिषदांचे, सीव्हीपीआर दरवर्षी, आयसीसीव्ही विषम वर्षी, ईसीसीव्ही सम वर्षी, आणि मोफत वाचायला मिळतात. वाचताना आधी चित्रं आणि त्यांच्या ओळी, मग रिझल्टचं टेबल, मग कोणता भाग काढला तर किती फरक पडला ते टेबल, आणि पद्धत सगळ्यात शेवटी. टेबलातला फरक ०.३ टक्क्यांचा असेल तर फार हुरळून जाऊ नका. सुरुवात ताज्या पेपरपासून करू नका, त्यात दहा वर्षांचं गृहीत धरलेलं असतं, अ‍ॅलेक्सनेट आणि रेसनेटपासून करा, दोन्ही वाचण्यासारखे आहेत.

१०. प्रोजेक्ट

विषय निवडताना एका वाक्यात सांगता आला पाहिजे: काय इमेज येणार, काय उत्तर बाहेर पडणार, बरोबर की चूक कसं मोजणार. स्मार्ट सर्व्हेलन्स सिस्टिम हा विषय नाही, ती पाटी आहे. टेबलावरच्या सुट्ट्या नाण्यांच्या फोटोवरून एकूण रक्कम सांगणं हा विषय आहे, आणि दिसतो त्यापेक्षा अवघड आहे, करून बघा, नाणी एकमेकांवर चढली की मजा येते.

डेटा दुसऱ्याचा घेतला तरी निदान शंभर इमेजेस स्वतः लेबल करा. कंटाळवाणं काम आहे, मान दुखते, पण विसाव्या इमेजला तुम्हालाच प्रश्न पडतो की अर्धी झाकलेली वस्तू धरायची की नाही, आणि मॉडेल का गोंधळतं ते तिथे समजतं. आधी अगदी साधी पद्धत चालवून तिचा आकडा लिहून ठेवा, थ्रेशोल्ड लावून (ठरावीक आकड्याच्या वर पांढरं, खाली काळं), टेम्प्लेट मॅचिंगने (नमुन्याचा तुकडा इमेजभर जुळवून बघून), कशाने का असेना. माझ्या एका मैत्रिणीचं मोठं नेटवर्क शेवटपर्यंत थ्रेशोल्डिंगच्या पुढे गेलं नाही, तिने ते रिपोर्टमध्ये प्रामाणिकपणे लिहिलं आणि तिलाच वर्गात सगळ्यात जास्त मार्क पडले.

रिपोर्टमध्ये चुकलेल्या इमेजेसचं एक पान ठेवा, वीस-पंचवीस, आणि प्रत्येकीखाली तुमचा अंदाज की का चुकलं असेल. परीक्षक तेच पान उघडून प्रश्न विचारतात आणि त्यांची उत्तरं तुमच्याकडे आधीच तयार असतात.

डेमो लाइव्ह कॅमेऱ्यावर असेल तर आदल्या दिवशी त्याच खोलीत जाऊन त्याच उजेडात चालवून बघा, तुमच्या खोलीतला दिवा आणि तिथली ट्यूबलाइट यांत मॉडेलला फार फरक पडतो, प्रोजेक्टरचा उजेड तर वेगळाच. चालतंय तेव्हाचा व्हिडिओ रेकॉर्ड करून पेनड्राइव्हवर ठेवा. आणि कॅमेऱ्याची लेन्स पुसा, आमच्या डेमोला ती पुसलेली नव्हती.